काचेतल्या पेशी जगवणाऱ्या कमल रणदिवे

लहान मुलाच्या शरीरात आलेली एखादी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या निळ्या गोल ठिपक्यांची दिसते. ती लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची की स्नायूच्या, हे डोळ्यांनी ठरत नाही आणि उपचार तर अगदी वेगळे. मग मायोजेनिन किंवा मायो-डी या प्रथिनांना नेमके चिकटणारे प्रतिपिंड त्या तुकड्यावर घालतात. स्नायूची मूळ पेशी स्नायू बनू लागते, तेव्हा तिच्या केंद्रकात ही प्रथिने तयार होतात. केंद्रके रंगली, की संशय स्नायूच्या कर्करोगाकडे वळतो. वसई-विरार पट्ट्यातून, अगदी नंदाखालहूनही, आईवडील मुलाला घेऊन परळ गाठतात ते अशा उत्तरासाठीच.

असे बरेच प्रतिपिंड जिवंत पेशींकडून करून घ्यावे लागतात. उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जुळवायची आणि ती जोडपेशी काचेच्या भांड्यात वाढवायची, ही कोहलर आणि मिलस्टाइन यांची १९७५ मधली युक्ती. त्याआधी पेशी शरीराबाहेर जगवता यायला हव्यात. ही विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय ज्यांना जाते त्या कमल रणदिवे. त्यांचा विषय स्नायू नव्हता, कर्करोग होता.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत शिकल्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे त्यांच्या मनात होते. मुलीने दोन्ही केले नाही. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी.; विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी! पतीने शिक्षणात मनापासून साथ दिली, हेही नोंदवायला हवे. पुढे टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेला जाण्यास सुचवले. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकून घेतले. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या 'हेला' पेशी १९५१ मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या.

परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना शरीराइतकीच ऊब लागते, क्षार, साखर, अमिनो आम्ले लागतात, आणि बुरशीचा एक बीजकणही चालत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कमलताईंनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले तरुण निवडून घेतले आणि हे पोषकद्रव व रसायने केंद्रातच बनवली. पदके आणि पुरस्कारांच्या यादीत हे काम दिसत नाही. खरे तर सगळ्यात आधी तेच सांगायला हवे. पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्राचे विभागही तिथे त्यांनीच सुरू केले. १९६६ ते १९७० केंद्राचे प्रभारी संचालकपदही सांभाळले.

स्तनाचा कर्करोग, हार्मोन्स आणि विषाणू यांचा संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली होती. घर-संसार सांभाळून प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलींची ओढाताण त्यांना परकी नव्हती.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.