स्प्रिंगचा नियम सांगणारा बिनचेहऱ्याचा संशोधक
प्रतिनिधी, बुलडाणा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लोखंडी स्टँडला एक स्प्रिंग टांगलेली असते. खालच्या टोकाला हँगर, शेजारी उभी मोजपट्टी आणि पट्टीलगत सरकणारा दर्शक. ५० ग्रॅमचे एकेक वजन हँगरवर चढवायचे, दर्शक कोठे थांबला ते वहीत लिहायचे, मग तीच वजने एकेक करून उतरवायची आणि पुन्हा नोंद घ्यायची. चढत्या व उतरत्या नोंदी जुळल्या आणि आलेखावर सरळ रेषा आली, की प्रयोग साधला. खामगाव असो की मेहकर, चिखली असो की लोणार, विज्ञान शाखेचा विद्यार्थी हूकचा नियम पाठ केल्याशिवाय पुढे जात नाही. न्यूटनच्या सफरचंदाची गोष्ट त्याला शाळेपासून ठाऊक असते. हा हूक कोण, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वास्तविक हा नियम प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडलेला नाही. रद्दीवाल्याच्या हातातील स्प्रिंगचा काटा किंवा शेताच्या बांधावर वेचणीच्या कापसाचे गाठोडे ज्याला अडकवतात तो टांगता काटा, दोन्ही त्याच नियमावर चालतात. ५० ग्रॅमने स्प्रिंग दोन सेंटिमीटर लांबली, तर १०० ग्रॅमने ती चार सेंटिमीटर लांबणार, म्हणूनच काट्यावरील खुणा समान अंतरावर आखता येतात. ही साधी वाटणारी गोष्ट जगापुढे मांडणाऱ्या रॉबर्ट हूकचे आयुष्य मात्र अजिबात सरळ रेषेत गेले नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर गावी, १८ जुलै १६३५ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलगा लहानपणापासून आजारी, सतत डोके दुखणारा. त्यामुळे त्याचे नियमित शिक्षण लवकरच थांबले आणि तो आपल्या मनाने खेळणी व यंत्रे करू लागला. पितळेचे एक जुने घड्याळ उघडलेले पाहून त्याने तसेच लाकडाचे घडविले आणि ते बऱ्यापैकी चाललेही, असे त्याचे चरित्रकार नोंदवितात. १६४८ मध्ये वडील वारले. वारसाहक्काने मिळालेले ४० पौंड घेऊन तेरा वर्षांचा हा मुलगा लंडनला आला. पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे काही काळ उमेदवारी करून पाहिली. पण रंगांच्या वासाने डोकेदुखी बळावली. मग वेस्टमिन्स्टर शाळेत रिचर्ड बझ्बी या कडक शिस्तीच्या मुख्याध्यापकांनी त्याला आश्रय दिला. तेथे भाषा आणि भूमिती शिकून, पाठीला कायमचा बाक घेऊन, हूक १६५३ च्या सुमारास ऑक्सफर्डला पोहोचला. श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून शिकणाऱ्यांपैकी तो एक होता.

ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइल या धनवान उमरावाने त्याला प्रयोगांसाठी मदतनीस म्हणून पगारावर ठेवले. बॉइलला हवा उपसून काढणारा पंप हवा होता, तो हूकने बांधून दिला. हवा दाबली तर ती स्प्रिंगेप्रमाणे उलट रेटा देते, या कल्पनेवर बॉइलचे सारे संशोधन उभे होते. हवेचा दाब आणि आकारमान यांचा जो नियम आज बॉइलच्या नावाने शिकविला जातो, त्याच्या प्रयोगांमागे हूकचे कौशल्य होते. हवेच्या स्प्रिंगेपासून धातूच्या स्प्रिंगेपर्यंतचा त्याचा प्रवास येथूनच सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१६६२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या नव्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा व्यवस्थापक नेमले. दर बैठकीला तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे, ही त्याची जबाबदारी. आरंभी या कामाला वेतनच नव्हते. १६६४ मध्ये सर जॉन कटलर या व्यापाऱ्याने त्याच्या व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड देण्याचे कबूल केले. पण हा वायदा नीट पाळला गेला नाही. हूकला त्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करावी लागली आणि १६९६ मध्ये, कटलर वारल्यानंतर, निकाल त्याच्या बाजूने लागला. स्प्रिंगवरील त्याचे सुप्रसिद्ध व्याख्यान याच कटलर व्याख्यानमालेतील आहे. ज्या नियमावर आज मोटारींच्या शॉकअॅब्सॉर्बरपासून पुलांच्या गर्डरपर्यंत सर्वांची आकडेमोड चालते, त्याच्या व्याख्यानाचा मोबदलाही कोर्टातून वसूल करावा लागावा, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

ते व्याख्यान १६७८ मध्ये छापून आले. त्यातील प्रयोग आजच्या प्रयोगवहीशी ताडून पाहण्यासारखे आहेत. हूकने तारेचे वेटोळे करून, म्हणजे आपण वापरतो तशी स्प्रिंग करून, तिला वजनांचे पारडे लावले. घड्याळातील चपट्या गुंडाळलेल्या कमानीला चाक जोडून तिच्यावर वजन टाकले. वीस, तीस, चाळीस फूट लांबीची सरळ तार खिळ्याला टांगून ती किती लांबते ते जमिनीलगत मोजले. एक टोक पक्के बसविलेली लाकडी पट्टी दुसऱ्या टोकाला वजन देऊन वाकविली. चारही ठिकाणी उत्तर एकच आले: वजन दुप्पट तर वाढ दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. धातू, लाकूड, दगड, भाजलेली माती, केस, शिंग, रेशीम, हाड, काच या सर्वांना हा नियम लागू असल्याचे त्याने प्रतिपादन केले. चाळीस फूट तारेमागचे शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. आखूड तारेची वाढ डोळ्यांना दिसत नाही. लांब तारेत तीच वाढ अनेक पटींनी होऊन मोजपट्टीवर उमटते. आजच्या प्रयोगशाळेत एवढी उंच भिंत नसते, म्हणून सर्लच्या उपकरणात आखूड तार घेऊन स्क्रूच्या सूक्ष्म मोजणीने तेच काम भागवितात.

नियमाला मर्यादाही आहे आणि ती विद्यार्थ्यांना हमखास भेटते. कोणीतरी हौसेने सगळी वजने एकदम चढवितो, स्प्रिंग सैल पडते आणि वजने काढल्यावरही मूळ लांबीवर येत नाही. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेलेली असते. त्या स्प्रिंगेचा आलेख पुन्हा पूर्वीसारखा येत नाही आणि प्रयोगशाळा सहायकाचे बोलणे ऐकावे लागते ते वेगळेच.

हूकच्या म्हणण्यानुसार हा नियम त्याला १६६० च्या सुमारासच गवसला होता. मग अठरा वर्षे तो गप्प का बसला? कारण त्याला घड्याळाचे पेटंट हवे होते. ताणलेली कमान जितकी जास्त ताणावी तितक्याच प्रमाणात अधिक जोराने परत ओढते. त्यामुळे झोका मोठा असो वा लहान, एका झोक्याला लागणारा वेळ तोच राहतो. लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर बिनकामाचे, पण कमानीचे चालू शकेल आणि त्यावरून समुद्रात रेखांश काढता येईल, ही त्याची आशा होती. बॉइल आणि इतर प्रतिष्ठितांबरोबर करारही ठरत आला होता; परंतु पुढे कोणी सुधारणा केल्यास लाभ त्याला मिळेल, या अटीवर बोलणे फिसकटले आणि हूकने आपली युक्ती पोटातच ठेवली. १६७५ मध्ये ख्रिश्चन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये चक्राकार कमानीचे घड्याळ जाहीर केले, तेव्हा हूकचा संताप अनावर झाला. थॉमस टॉम्पियन या कसबी घड्याळजीकडून त्याने घाईने घड्याळ करवून घेतले आणि ते राजे दुसरे चार्ल्स यांच्यापर्यंत पोहोचविले. १६७६ मध्ये त्याने स्प्रिंगचा नियमही छापला, पण कसा? लॅटिन वाक्याची चौदा अक्षरे वर्णक्रमाने मांडून, कोणालाही अर्थ लागू नये अशा रीतीने. कोड्याची उकल दोन वर्षांनी दिली. शोधाचा मान हवा, पण शोध उघड करायचा नाही, अशी ही कसरत होती. त्या काळी इतरही असे करीत, हे खरे. तरीही हूकच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेतला थोडा भाग त्याच्याच पदरचा आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

बुलडाणा जिल्ह्याला हूक आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. १६६५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतच, त्याने मायक्रोग्राफिया हा सूक्ष्मदर्शकाखालील सृष्टीचा सचित्र ग्रंथ काढला. बुचाच्या कापातील कप्प्यांना सेल हे नाव त्यानेच दिले. याच ग्रंथाच्या शेवटी तो दुर्बिणीकडे वळतो आणि चंद्रावरील खड्डे कसे झाले असावेत, याचा विचार करतो. त्यासाठी त्याने दोन प्रयोग केले. पांढरी चिकणमाती पाण्यात कालवून तिच्यात वरून बंदुकीच्या गोळीसारखी जड वस्तू टाकली, तर चंद्रावरच्यासारखाच गोल खड्डा उमटला. दुसऱ्या प्रयोगात अॅलाबास्टर या मऊ दगडाची पूड भांड्यात तापविली. वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटले, तेथेही तसेच खड्डे राहिले. हूकने दुसरे कारण ग्राह्य धरले. चंद्रावर आदळायला दगड येणार कोठून, हा त्याचा रास्त प्रश्न होता. कारण पहिला लघुग्रह सापडला तो १८०१ मध्ये.

नेमका हाच वाद पुढे लोणारच्या काठी रंगला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा दख्खनच्या ज्वालामुखीय काळ्या खडकात असल्याने तो ज्वालामुखीचाच, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या संशोधनाने उल्कापाताचा पुरावा पुढे आणला. सरोवराखाली छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत फेल्स्पार या खनिजाचे, न वितळता, केवळ आघाताने काचेत रूपांतर झालेले आढळले. येथे स्प्रिंगचा नियम पुन्हा भेटतो. दगडसुद्धा हलक्या दाबाखाली किंचित आक्रसतो आणि दाब निघताच पूर्ववत होतो. उल्केच्या आघाताने मात्र दाब इतका वाढला, की खडकाने आपली स्थितिस्थापकतेची मर्यादा कोठल्या कोठे मागे टाकली. तो खडक परतला नाही. तेथे विवर राहिले. हे केव्हा घडले, याबाबत आधीचा अंदाज सुमारे ५२ हजार वर्षांचा होता, तर २०११ मधील अभ्यासाने तो काळ सुमारे पाच लाख ७० हजार वर्षे इतका मागे नेला. २०२० मध्ये लोणार सरोवर रामसर स्थळ म्हणून घोषित झाले. मातीत गोळी टाकणाऱ्या हूकच्या हाताने बरोबर उत्तर काढले होते, त्याच्या तर्काने ते नाकारले, एवढेच.

१६६६ च्या भीषण आगीत लंडन जळाले आणि हूकच्या वाट्याला शहराच्या मोजणीचे काम आले. जळक्या ढिगाऱ्यांतून फिरून त्याने हद्दी आखून दिल्या. मित्र ख्रिस्तोफर रेन याच्यासह आगीचे २०२ फुटी स्मारक उभारले. लोंबती साखळी जो बाक घेते, तोच उलटा केला की कमानीचा सर्वात पक्का आकार मिळतो, हा त्याचा विचारही रेनला सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटासाठी उपयोगी पडला. मोजणीच्या कामातून पैसा चांगला मिळाला, पण तो त्याने खर्च केला नाही.

न्यूटनशी त्याचे बिनसले ते १६७२ पासून, प्रकाशाच्या स्वरूपावरून. १६७९-८० मध्ये दोघांत ग्रहांच्या गतीविषयी पत्रव्यवहार झाला. १६८७ मध्ये न्यूटनचा प्रिन्सिपिया आला, तेव्हा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आकर्षण घटते हा विचार आपण कळविला होता, असा हूकने दावा केला. विचार हूककडे होता, गणिती सिद्धता न्यूटनची होती. न्यूटनने आपल्या ग्रंथातील हूकचे उल्लेख कमी केले आणि प्रकाशावरील ग्रंथ हूकच्या मृत्यूनंतर, १७०४ मध्ये प्रसिद्ध केला.

३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजमधील आपल्या खोल्यांत हूक वारला. जवळ सांभाळणारी पुतणी ग्रेस १६८७ मध्येच गेली होती. शेवटची वर्षे आजारात आणि अंधुक दृष्टीत गेली. त्याच्या पेटीत आठ हजारांहून अधिक पौंड निघाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १७१० मध्ये सोसायटी नव्या जागेत गेली. हूकचे सर्वमान्य असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. न्यूटनने ते नष्ट करविले, ही कथा रंगवून सांगितली जाते. तिला पुरावा नाही. सेंट हेलेन चर्चमध्ये त्याचे दफन झाले होते, तेथील अस्थीही एकोणिसाव्या शतकात इतरांबरोबर हलविल्या गेल्या.

२००६ मध्ये हॅम्पशायर परगण्यातील एका घराच्या कपाटातून हूकच्या हस्ताक्षरातील पाचशेहून अधिक पानांचे बाड बाहेर आले. लिलावाआधीच रॉयल सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड जमवून ते मिळविले. त्यात सोसायटीच्या जुन्या बैठकांची टिपणे आहेत आणि कमानीच्या घड्याळाचा उल्लेख १६७० च्या नोंदीत आहे; हायगेन्सच्या घोषणेच्या पाच वर्षे आधी.