भिंगामागचे आयुष्य : दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि बहुतेकांचे स्मरण तेथेच थांबते. चित्रपटसृष्टीचे जनक ही पदवी एकदा बहाल केली की त्या माणसाविषयी अधिक जाणून घेण्याची गरज उरत नाही, असा आपल्याकडे रिवाजच आहे. वास्तविक तो चित्रपट पडद्यावर आला तेव्हा दादासाहेबांनी वयाची त्रेचाळीस वर्षे पुरी केली होती. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत त्यांनी जे जे व्यवसाय धरले आणि सोडले, त्यांची यादी वरवर पाहणाऱ्यास एका चंचल माणसाची वाटेल. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिळाछाप, नाटकाचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग! परंतु या साऱ्यांतून एकच धागा गेलेला दिसतो. प्रकाशाला कसे वळवावे, कसे अडवावे आणि हव्या त्या जागी कसे उमटवावे, हा तो धागा होय.

ढुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंदशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृतच्या अध्यापकाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्रीबुवांच्या मुलाने पोथी हाती धरावी ही अपेक्षा स्वाभाविक होती. मुलाने कुंचला धरला. १८८५ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला व तेथील चित्रकलेचा अभ्यास करून ते वडील बंधूंसमवेत बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहत होते. कला आणि कारागिरी यांत भेद न मानणारी ती संस्था ढुंडिराजांच्या स्वभावाला नेमकी मानवली. तैलरंग, मूर्तिकाम, वास्तुरचना हे सर्व ते शिकले. १८९० च्या सुमारास त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला आणि येथून त्यांच्या आयुष्याचा खरा ओघ सुरू झाला.

गज्जरांनी या होतकरू विद्यार्थ्याला पुढील शिक्षणासाठी पाठविले ते रतलामला. आपल्या माळव्यातील वाचकांना ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. तीनरंगी ठसे, छायाशिलामुद्रण आणि अंधारखोलीतील छपाई यांचे धडे ढुंडिराजांनी रतलामला बाबूलाल वरुवाळकर यांच्या हाताखाली गिरविले. तीनरंगी ठशांचे तंत्र म्हणजे प्रकाशाचे पृथक्करणच. एकाच चित्राची छायाचित्रे तीन निरनिराळ्या रंगीत काचांतून घ्यायची, प्रत्येकीवरून वेगळा ठसा बनवायचा आणि पिवळ्या, तांबड्या व निळ्या शाईने ते एकावर एक असे छापायचे की मूळचे रंग पुन्हा जुळून यावेत. कागद केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरावयाचा! या कामाने हाताला जी शिस्त लागली आणि डोळ्याला जी सवय झाली, ती पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडली.

मात्र विद्येने पोट भरतेच असे नाही. १८९५ च्या सुमारास ते छायाचित्रणाचा व्यवसाय करण्यासाठी गोध्र्यास गेले. तेथे प्लेगने त्यांचा संसार मोडला; पत्नी आणि मूल दोघेही गेले. बडोद्यास परतून पुन्हा दुकान मांडावे तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व फोटो काढणारा लवकर मरतो, अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यास घेतले, आणि दौऱ्यावर आलेल्या एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोगही शिकून घेतले. ‘फाळके’ हे आडनाव उलटसुलट करून प्रोफेसर ‘केल्फा’ या नावाने ते स्वतः जादूचे खेळ करीत. चरित्रकार हा प्रसंग गंमत म्हणून सांगून पुढे जातात; तसे करणे बरोबर नव्हे. त्या काळची रंगमंचावरील जादू ही बव्हंशी आरशांची जादू होती. मेजाच्या पायांमध्ये तिरके आरसे बसविले की मेजाखालची पोकळी रिकामी भासते आणि आत बसलेला माणूस दिसत नाही. रंगमंचाच्या पुढे मोठी काच पंचेचाळीस अंशांत उभी केली की खाली दडलेल्या, उजळलेल्या नटाचे प्रतिबिंब पिशाच्चासारखे हवेत तरंगते. प्रेक्षकाची नजर कोठे आहे आणि तिला काय दिसू द्यायचे, याचा हा हिशेब होय. दादासाहेबांच्या चित्रपटांतील देव अंतर्धान पावतात त्यामागे हाच हिशेब आहे.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरचे सरस्वती. या बाईंविषयी पुढे सविस्तर लिहावे लागेल. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली, पण तीन वर्षांत तीही सुटली. मग लोणावळ्यास व नंतर दादरला छापखाना निघाला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम त्यांनी केले. ज्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती देवदेवतांनी भरून टाकल्या, त्यांच्या मागील कारागिरीत फाळक्यांचाही हात होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सचा लौकिक झाला. पण भागीदारांशी पटेना, आणि चाळिशीत फाळके पुन्हा रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी मुलासह हलत्या चित्रांचा खेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या निमित्ताने, ख्रिस्तचरित्र दाखविले गेले. ते पाहताना येशूच्या जागी राम-कृष्ण उभे करावेत हे त्यांच्या मनाने घेतले. हलती चित्रे मुंबईस नवी नव्हती. ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ती दाखविली होती. सावेदादा भाटवडेकरांनी स्वतःचा कॅमेरा आणून कुस्तीची दृश्ये टिपली होती. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ तर त्याहून जुनी. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्यापुढे ठेवून भिंगांच्या साहाय्याने ते पडद्यावर पुराणकथा उभ्या करीत. तेव्हा फाळक्यांना पहिला मान द्यावयाचा तो हलते चित्र दाखविण्याचा नव्हे. चित्रणापासून छपाईपर्यंत सर्व अंगे स्वतःच्या घरात उभी करून येथील कथा येथल्याच माणसांकरवी पडद्यावर आणण्याचे धाडस त्यांनी केले, त्यासाठी तो मान आहे.

या ध्यासाची किंमत प्रथम डोळ्यांनी मोजली. रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहावयाचे, उरलेला वेळ इंग्रजी पुस्तकांतून व खेळण्यातल्या यंत्रावर प्रयोगांत घालवावयाचा, झोप जेमतेम. त्या काळचे यंत्र सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे दाखवी. प्रकाश सारखा लुकलुके आणि तो ताण थेट डोळ्यांवर येई. दादासाहेबांची दृष्टी मंद होत गेली आणि अखेर दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. वीस वर्षे प्रकाशावर काम केलेल्या माणसाच्या घरात दिवसाढवळ्या अंधार पसरला. पदरी लहान मुले, व्यवसाय सुटलेला आणि शेजारीपाजारी त्यांना वेडाच्या इस्पितळात धाडण्याच्या गोष्टी करू लागलेले. डॉ. प्रभाकर यांनी औषधोपचार केले व निरनिराळ्या क्रमांकांचे चष्मे दिले. त्यांच्या मदतीने दृष्टी परतली. चष्म्याच्या भिंगाने वाचविलेले डोळे त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याच्या भिंगालाच लावले. यात शहाणपण किती होते हा प्रश्न बाजूस ठेवावा. सरस्वतीबाईंनी तो विचारला नाही एवढे खरे.

विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून मित्र यशवंतराव नाडकर्णी आदींकडून सुमारे दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके विलायतेस निघाले. ‘बायोस्कोप’ नियतकालिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेले. तेथे त्यांनी आठवडाभर डोळे भरून सर्व पाहिले, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म व भोके पाडण्याचे यंत्र मागविले आणि १ एप्रिल रोजी ते परतले.

हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे एक भिंग आणि बाजूला हाताने फिरवायची मूठ. मुठीच्या एका फेऱ्यात फिल्मच्या आठ चौकटी पुढे सरकतात, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. आतील आकडा फिल्मच्या कडेची भोके पकडून तिला एक चौकट खाली ओढतो. ती सरकत असताना फिरती झडप भिंगातून येणारा प्रकाश अडविते, थांबली की क्षणभर आत सोडते. हात जलद झाला तर पडद्यावरची माणसे रेंगाळतात, मंद झाला तर धावू लागतात. मूठ फिरविणाऱ्याच्या मनगटात घड्याळ असावे लागते. या गणिताचा पहिला पुरावा दादासाहेबांनी एका कुंडीत दिला. वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट टिपत महिनाभर तेच काम केले. अंकुराची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडली. हा प्रयोग पाहून नाडकर्णींची खात्री पटली आणि भांडवलाचा मार्ग मोकळा झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या मेन रोडवरील घरात व आसपास तयार झाला. स्त्रीभूमिकेस बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. सांगितली जात नाही ती प्रकाशाची कथा. त्या वेळच्या फिल्मला कडक ऊन लागे. दिव्यांच्या उजेडात चित्रण करण्याची साधने फाळक्यांपाशी नव्हती. भर उन्हात नटाच्या चेहऱ्यावर डोळ्यांखाली व नाकाखाली काळ्या सावल्या पडत. त्या उजळण्यासाठी सरस्वतीबाई पांढरी चादर ताणून तासन् तास उन्हात उभ्या राहत. चादरीवरून परतलेला मऊ उजेड नटाच्या मुखावर पडे. हाच त्या चित्रपटातील आरसा. सूर्य कलेल तशी चादर कलवावी लागे आणि हात हलून चालत नसे. चित्रण संपले की साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच बाईंकडे. रात्री मुले निजल्यावर अंधारखोलीतील काम सुरू होई. कच्ची फिल्म सपाट येई. तिच्या दोन्ही कडांना भोके घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला एका कडेस चार भोके, म्हणजे फुटाला चौसष्ट. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एकाच कडेची भोके दोन लाखांहून अधिक झाली, आणि वाया गेलेली फिल्म वेगळीच. त्यातील एक जरी भोक चुकीच्या जागी पडले तरी पडद्यावर राजवाडा हिसका देई. बाईंनी धुण्याची व जोडण्याची कामेही शिकून घेतली. पैसा अपुरा पडला तेव्हा दागिनेही दिले. श्रेयनामावलीत तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव यावयास हवे होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशन चित्रगृहात तो सर्वांस खुला झाला. त्यानंतर मुक्काम नाशिकला हलला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई व कमलाबाई या मायलेकींनी कामे करून स्त्रियांचा मार्ग उघडला. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांतील चमत्कृतिदृश्यांची तेथील जाणकारांनी वाखाणणी केली व तिकडेच राहून काम करण्याविषयी त्यांना विचारले. ते राहिले नाहीत. परत येतात तो महायुद्ध सुरू झालेले आणि भांडवलदारांनी हात आखडलेला. पुन्हा कर्ज, पुन्हा दागिने. १९१७ च्या ‘लंकादहना’ने मात्र सारे भरून काढले. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांचीच. आकाशात झेपावणारा मारुती पाहून प्रेक्षक थक्क होत. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, भिंगाचा अर्धा भाग झाकून ठेवणे, कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे ही त्यामागची साधने. रतलामची अंधारखोली आणि प्रोफेसर केल्फाचा रंगमंच येथे एकत्र आले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटातून त्यांनी आपली सारी विद्या उघडही करून दाखविली. जादूगाराने सहसा न करावयाची ही गोष्ट.

१९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. भागीदारांशी पुन्हा बिनसले. दादासाहेब काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने परतले. बोलपटाच्या आगमनानंतर त्यांची विद्या मागे पडली. ज्या माणसाने सर्व काही डोळ्यांसाठी रचले, त्याच्या कलेत आता कान मालक झाला होता. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे १९१३ ची, की त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या रिळांत राजवाड्यातील स्त्रिया कारंज्याच्या हौदात जलक्रीडा करतात. साऱ्या पुरुषच आहेत, अंगावरची लुगडी भिजून चिकटलेली आहेत, आणि वरून भर दुपारचे ऊन पडले आहे.