खाशाबांचे पाच किलो आणि पैलवानाचा खुराक

कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी ऑलिंपिकचे पदक आणले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते किती वजनात खेळले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. १९४८ साली लंडनला ते ५२ किलो गटात उतरले आणि १९५२ साली हेलसिंकीला पदक घेतले ते ५७ किलो गटात. चार वर्षांत गट वाढला अवघ्या पाच किलोंनी. तालमीत पोर घातले की वर्षात दहा-पंधरा किलो वाढले पाहिजे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लंगोट घरातच होता. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. अंगाने बारके, पण चपळाई अशी की थोराड गड्यालाही ते सापडत नसत.

लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या खाशाबांना तिथे गादीवर खेळावे लागले, नियमही निराळे. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर चार वर्षे मेहनत केली. हेलसिंकीच्या वेळी पुन्हा पैशाची अडचण आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानच्या इशीशी कुस्ती लांबली आणि ती गेली. पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी गाठ पडली, तीही हरले. तरीही ब्राँझ पदक पक्के झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत चढले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले.

आता पाच किलोंचा धडा. वजन गटाच्या वर भरले तर मल्ल काट्यावरच बाद होतो. म्हणून गट चढायचा तो स्नायूने, चरबीने नव्हे. चरबीचा किलो काट्यावर भरतो, पण डाव मारत नाही.

आजचे शास्त्र सांगते ते असे. आधी दोन आठवडे नेहमीचेच जेवण ठेवावे आणि रोज सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन घ्यावे. वजन जागेवर राहिले, तर तेवढे खाणे रोजच्या कष्टाला पुरते असे समजावे. त्यावर अडीचशे-तीनशे कॅलरी वाढवाव्यात, म्हणजे म्हशीच्या दुधाचा एक मोठा पेला, नाहीतर एक भाकरी आणि वाटीभर वरण. बस्स, एवढेच. साठ किलोच्या पोराचे वजन आठवड्याला दीडशे ग्रॅम ते पावशेर वाढले तर गाडी रुळावर आहे. तीन आठवडे काटा हलला नाही, तर आणखी पेलाभर दूध द्यावे. कंबरच सुटू लागली, तर वाढवलेले निम्मे कमी करावे. ऊसतोड, नांगरट अशा कष्टाच्या दिवसांत मात्र खाणे आणखी वाढवावेच लागते.

स्नायूला प्रथिने लागतात, किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम. साठ किलोला शहाण्णव ग्रॅम झाली. अर्धा लिटर दूध, चार अंडी, शंभर ग्रॅम डाळ, चार ज्वारीच्या भाकरी आणि मूठभर शेंगदाणे यांत ती भागतात. अंडी न खाणाऱ्याने दूध, डाळ, सोयाबीन वाढवावे. तुपाचे तसे नाही. शंभर ग्रॅम तुपात नऊशेच्या आसपास कॅलरी असतात, पण प्रथिने जवळपास शून्य. वाटीने तूप पाजून पोर फुगते, बळ येत नाही. आणि जोर-बैठका चुकवल्या तर हा सारा खुराक पोटावरच जातो.

पोराच्या खुराकासाठी घरची म्हैस विकणारे, उसनवारी करणारे बाप गावोगाव आहेत. त्यांचा पैसा असा फुगवट्यात जाऊ नये. सरपंच, ग्रामसेवकांनी मनावर घेतले तर गावच्या तालमीत एक चांगला वजनकाटा आणि एक वही ठेवणे अवघड नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचे वजन वहीत चढू द्या. खुराक किती लागतो, ते ती वहीच सांगेल.