जाईबाई चौधरी : रूढी मोडणारी शिक्षिका

जाईबाई चौधरी यांचा जन्म २ मे १८९२ रोजी नागपूरजवळील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. दुष्काळाच्या झळांनी हे कुटुंब नागपुरास आले. १९०१ साली, अवघ्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बालविवाह ही त्या काळची सर्वमान्य रूढी होती आणि ती केवळ सवर्णांची नव्हती. आपल्याही घरांत ती तितकीच घट्ट रुजलेली होती.

संसारासाठी जाईबाईंनी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहिली. ही हमाली करीत असतानाच ग्रेगरी नावाच्या मिशनरी भगिनींच्या मदतीने त्यांना मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम मिळाले. परंतु अस्पृश्य स्त्री शिकविते हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि त्यांना ते काम सोडावे लागले. मुलांना विद्या हवी होती, मात्र ती कोणाच्या मुखातून यावी हे रूढी ठरवीत होती.

किसन फागू बनसोडे यांच्या कार्याने प्रेरित झालेल्या जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या समाजात मुलीने शिकू नये हाच रिवाज होता, तेथे मुलीने शाळेत जावे असा नवा रिवाज त्यांनी पाडला.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत त्या अग्रभागी राहिल्या. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे देशातील सुशिक्षित स्त्रिया स्त्रियांच्या हक्कांचा विचार करीत होत्या. मात्र भोजनाच्या वेळी जाईबाई व त्यांच्या सहकारी भगिनींची पंगत वेगळी मांडली गेली. शिक्षण, वक्तृत्व, सभाशिष्टाचार या सर्वांचा मुलामा पंगतीपाशी गळून पडला. जाईबाई व त्यांच्या भगिनींनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी स्वतंत्र सभा घेऊन त्याचा निषेध केला. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच दलित वर्ग महिला परिषद भरली. तिने घटस्फोटाच्या हक्काची मागणी केली व बहुपत्नीत्वाला विरोध दर्शविला. परक्यांच्या रूढींवर बोट ठेवणाऱ्या या स्त्रियांनी स्वतःच्या घरातील रूढींनाही सूट दिली नाही.

१९६४ साली जाईबाईंचे निधन झाले. त्यांनी लावलेले रोप पुढे जाईबाई चौधरी ज्ञानपीठ या नावाने वाढले.

रूढी आणि संस्कृती यांना आपण सहज एक समजतो. रूढी वारशाने मिळते, विचार न करताही पाळता येते. संस्कृती मात्र दररोजच्या आचरणातून घडवावी लागते. रूढी जुनी आहे म्हणून ती संस्कृती ठरत नाही. माणसाला माणसाशी समतेने वागविते का, हीच तिची कसोटी. तथागतांच्या धम्माने प्रज्ञा, शील, करुणा यांना दिलेले स्थान याच कसोटीचे आहे.

तिरोड्यातील या निवासी शाळेच्या भोजनगृहात निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींत जन्मलेली मुले दररोज एका पंगतीत जेवतात. त्यांना त्यात काहीच विशेष वाटत नाही. जाईबाईंना जे नाकारले गेले, ते या मुलांच्या अंगवळणी पडले आहे. सुटीत ती गावी परततील, लग्नाकार्यात, तेरवीच्या जेवणात वेगळी पंगत पाहतील. तेव्हा ती कोठे बसतात, यावरून आपल्या शिकवणुकीचे मोल ठरेल.