एक दिवसाचा महाराजा : सर पॅट्रिक गेडिस

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या पाहायला आपण इंदूरकर अजूनही रात्रभर जागतो. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, 1917 च्या दिवाळीत, या शहरातून अशी एक मिरवणूक निघाली होती की जिचा मार्ग लोकांच्या झाडूने ठरवला. ती काढणारा दाढीवाला वृद्ध साहेब होता स्कॉटलंडचा. पॅट्रिक गेडिस त्याचे नाव. इंदूरच्या जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना हा माणूस माहीत असावा, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्याचे चरित्र निवडले.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवर, घरच्या बागेत गेले. काही काळ बँकेत नोकरी केली, पण मन रमले नाही. लंडनला जाऊन प्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही दिवस गेली. अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. पुढे दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम कमी करावे लागले. झाड आणि त्याची माती यांचे नाते पाहणारी त्यांची नजर मग माणूस आणि त्याची वस्ती यांच्याकडे वळली.

1886 साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. एडिंबरा शहराचा जुना भाग त्या काळी अगदी खालावलेला होता. सुखवस्तू लोक नव्या भागात राहायला गेले होते आणि उंच जुन्या इमारतींत एकेका खोलीत गरीब कुटुंबे दाटीने राहत होती. या नवविवाहित जोडप्याने तिथेच, जेम्स कोर्ट नावाच्या चौकात बिऱ्हाड केले. वस्ती सुधारायची तर आधी तिथे राहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी चौक झाडला, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. मोडकळीस आलेली जी घरे दुरुस्त होण्यासारखी होती ती दुरुस्त केली, आणि हवा व उजेड यावा म्हणून अगदी आवश्यक तेवढेच पाडले.

पण चुन्याने आणि फुलांनी वस्ती उभी राहत नाही, तिला पैसा लागतो आणि माणसे लागतात. 1887 साली गेडिस यांनी जुन्या भागात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. किल्ल्याजवळ रॅमसे गार्डन या नावाने घरे बांधून प्राध्यापक मंडळींना तिथे राहायला आणले. शिकलेली माणसे जुन्या वस्तीत परतली की दुकाने चालतात, दुरुस्त्या होतात, शेजार सुधारतो, हा त्यांचा साधा हिशेब होता. या कामात ते स्वतः कर्जात बुडाले. तेव्हा मित्रांनी 1896 साली भागभांडवलाची एक कंपनी काढली आणि त्या इमारती तिच्या ताब्यात घेतल्या. पुढे जुन्या भागातल्या ओसाड, कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागांवर मुलांसाठी बागा झाल्या. त्यांची आखणी गेडिस यांची कन्या नोरा हिने केली.

1914 साली गेडिस भारतात आले. शहरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन जहाजाने येत होते. ते जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी पुन्हा सामान गोळा करून पाठवले आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतर गेडिस गावोगावच्या गल्ल्या पायी फिरले. बडोद्यासारख्या संस्थानांसाठीही त्यांनी अहवाल लिहिले.

1917 हे वर्ष त्यांच्यावर फार कठीण गेले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा ॲलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना लखनौला आजारी होत्या. मुलगा गेल्याचे गेडिस यांनी त्यांना कळू दिले नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. या अवस्थेत माणूस मायदेशी परतला असता तर कोणी नवल केले नसते. गेडिस त्याच वर्षी इंदूरच्या कामाला लागले.

तेव्हा गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते आणि शहरात प्लेगची दहशत होती. हातात नकाशे घेऊन फिरणारा साहेब दिसला की लोक घाबरत. हा आपली घरे पाडायला आला, असेच त्यांना वाटे. गेडिस यांनी महाराजांकडे एका दिवसाचा अधिकार मागितला आणि तो मिळाला. मग जाहीर झाले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर घरांची सफाई आणि दुरुस्ती सर्वात चांगली होईल, तिथून ती जाईल. मग काय, मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. घरे सारवली, रंगवली गेली, कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या बाहेर गेल्या.

मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते, सुगीचे देखावे होते. अस्वच्छतेचा राक्षस होता आणि प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार आले, पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार, गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांना त्या दिवशी भर रस्त्यात मान मिळाला. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. प्लेगही त्या सुमारास ओसरला. त्यात ऋतू बदलल्याचाही भाग होता, पण लोकांचा धीर परतला हे मात्र खरे.

1918 साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत निघाला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरे पाडू नयेत, गल्ल्यांतली झाडे, देवळे, चौक राखावेत, नदीकाठ स्वच्छ करून बागा कराव्यात, असे त्याचे सार आहे. पुढे 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांच्या वर्गात बसले आणि त्यांच्यानंतर तो विभाग त्यांनीच सांभाळला. अखेरची वर्षे गेडिस फ्रान्समध्ये माँपेलिए येथे राहिले. 1932 साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी 17 एप्रिलला त्यांचे निधन झाले.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आहोत. पदविकेच्या अभ्यासक्रमात आम्हाला भिंत कशी बांधावी ते शिकवले, गेडिस यांचे नाव कुठे आले नाही. नोकरीत योजना येताना पाहिल्या आणि जातानाही पाहिल्या. 2017 पासून आपले शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले आले याचा अभिमान आहेच. पण जुन्या वाड्यांना कुलपे लागत आहेत. मुले कॉलन्यांत गेली, आम्हीही गेलो. वर्षातून दहा दिवस गणपतीला या गल्लीत येतो आणि वर्गणी देऊन परततो. गेडिस यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट आम्हाला टोचली.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक नेहमीच्याच रस्त्याने न नेता, ज्या गल्लीने आपले ओटे, नाल्या आणि भिंती सर्वात चांगल्या राखल्या असतील त्या गल्लीतून न्यावी. वर्गणीचा काही भाग सजावटीतून काढून दुरुस्तीला द्यावा. आणि मिरवणुकीत पहिला हार सफाई कामगारांच्या गळ्यात पडावा.

गणपती बाप्पा मोरया!