कै. बाळाजी प्रभाकर मोडक

बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवीत असत. त्या काळी कॉलेजातील रसायनशास्त्र इंग्रजीतच बंदिस्त होते. ज्यास इंग्रजी येत नसे, त्यास ते अप्राप्यच. मोडकांनी इतिहासही लिहिला. परंतु रसायन व पदार्थविज्ञान यांवर मराठीत ग्रंथ रचून त्यांनी ती कोंडी फोडली, हे त्यांचे खरे जीवितकार्य होय.

येथे वासोण्यास आम्ही निळा लिटमस लिंबाच्या रसात बुडवितो, तो लाल होतो. चुन्याच्या निवळीत तोच पुन्हा निळा होतो. आम्ल व अल्क योग्य प्रमाणात मिसळले की क्षार व पाणी बनते. आमची घरची बोली कोंकणी, कोणाची वारली, कोणाची गुजराती. तरी हे सारे आम्हांस मराठीतून उमगते. मोडकांचे हे ऋण विद्यार्थ्यांनी विसरू नये.