चौथी भट्टी

बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) यांचा जन्म अमेरिकेत गुलामीत झाला. १८८१ साली त्यांनी अलाबामातील टस्केगी येथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली. अक्षरज्ञानाबरोबर हातचा धंदाही यावा, हा त्यांचा आग्रह. इमारतीसाठी विटा पाडायचे ठरले. परंतु गुडघाभर चिखलात राबणे विद्यार्थ्यांना कमीपणाचे वाटे, आणि गुलामीची आठवण ताजी असताना ते स्वाभाविकच होते. काहींनी शाळाच सोडली. त्यातच तीन भट्ट्या एकामागून एक फसल्या. शिक्षकांनीही हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. मुदत टळल्याने घड्याळ गेले. पण एरवी शाळेकडे न फिरकणारे गोरे शेजारी विटा घेण्यासाठी तिच्या दारी येऊ लागले.